बिनधुराची जीप

डिझेल घ्यायचं की पेट्रोल, यावरून तिसगावातल्या त्या दोन खोल्यांमध्ये दिवाळीपासून जेवणं गार होत होती. तुषार लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. कॅमेरा, लाइटं आणि वायरींचं भेंडोळं घेऊन एसटीमागं धावताना त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. गावातला गाड्यांचा दलाल कारभारी याच्याकडं आखूड बांध्याच्या दोन जुन्या जिपा विकायला आल्या होत्या. एक डिझेलची, एक पेट्रोलची. त्यातली कुठली घ्यायची, एवढाच काय तो प्रश्न होता, पण नवराबायकोत तो पार सासरमाहेरापर्यंत जाऊन पोचला होता.

"डिझेलच घिऊ," तुषार म्हणायचा. "पेट्रोलची गाडी म्हंजी दारात हत्ती बांधायचा. त्याला खायला घालता घालता आपन उपाशी."

जयमाला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि घरातही तिचा आवाज वर्गातलाच असायचा. "अहो, पेपर वाचता का कधी? धुराचे नियम आलेत. नगरला आरटीओवाले गाड्या अडवून धूर तपासतात. अजून कडक होणार म्हणे. मग काय करणार त्या डिझेलचं, कोंबड्या पाळणार तिच्यात?"

नियमांचं निमित्त होतं. खरं कारण आत गोधडीवर बसून अंक गिरवत होतं. प्रज्ञा सात वर्षांची होती आणि तिला दमा होता. थंडीत तिच्या छातीतून शिट्टी वाजायची आणि जयमाला रात्ररात्र ती शिट्टी ऐकत बसायची. चुलीचा धूर नको म्हणून तिनं पहिल्यांदा घरात गॅस आणला होता. शेजारी कुणी पाचट पेटवलं तर ती भांडायला जायची. असल्या बाईनं काळा धूर ओकणारी गाडी दारात उभी करून घेतली असती तरच नवल.

शेवटी ती स्वतः कारभारीच्या अंगणात गेली. आधी डिझेलची जीप चालू झाली. खडखडत, थरथरत तिनं असा काही धूर सोडला की कोपऱ्यातली शेळी दावं ओढायला लागली. जयमालानं आपला पांढरा रुमाल नळकांड्यासमोर धरला. मधोमध काळा डाग उमटला. मग तिनं रुमालाची दुसरी बाजू पेट्रोलच्या जिपेमागं धरली. रुमाल स्वच्छ राहिला.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली.

"बाई, नजर हाय तुमची," कारभारी म्हणाला. मागच्या सीटखाली पत्रा गंजून चाळणी झाला होता, तेही त्यानं लपवलं नाही. "पत्र्याचं काय न्हाई, वर सतरंजी टाका." तुषारनं एकदा डिझेलकडं हळहळून पाहिलं आणि हार मानली. बायको जिंकली याचं त्याला वाईट वाटलं नाही. पोरीसाठीच तर जिंकली होती.

जयमालानं त्या गंजक्या पत्र्यावर जाड सतरंजी अंथरली, ताडपत्रीच्या पडद्यांचे तुटके पट्टे मोच्याकडून नवे करून घेतले, आणि दोन महिने ती शाळेत सगळ्यांना बिनधुराच्या जिपेचं कौतुक सांगत राहिली.

जानेवारीत नेवाशाला जायचं ठरलं. जयमालाची आई भागिरथी तिथं राहायची आणि नातीला बघायला आसुसली होती. सकाळी निघाले तेव्हा बोचरं वारं सुटलं होतं. मिरीच्या अलीकडचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. एका खड्ड्यात जीप अशी आदळली की खालून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, आणि मग गाडी फटफट वाजायला लागली.

"सायलेन्सर गेला वाटतं," तुषार म्हणाला. "नेवाशात दावू कुनाला तरी."

मागं जयमाला लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. धूळ आणि वारं पोरीच्या छातीला लागू नये म्हणून तिनं मागचे नि दोन्ही बाजूंचे पडदे पट्ट्यांनी घट्ट आवळले होते. थोड्या वेळानं तिचं स्वतःचं डोकं जड झालं, पोटात ढवळायला लागलं.

"आई, डोकं दुखतंय," प्रज्ञा म्हणाली.

"उपाशी निघालो ना आपण. झोप बाळा, झोपलीस की बरं वाटेल."

मिरी ओलांडल्यावर तिला उलटी येईलसं झालं. गाडी थांबवून ती पुढं तुषारशेजारी जाऊन बसली. पुढच्या उघड्या बाजूनं वारं तोंडावर आलं तसं तिला एकदम हुशारी वाटली. पण ते वारं मागं जायला नको, म्हणून तिनं सीटमागं चादर अडकवली. उतरून मागचा पडदा पुन्हा तपासला, सैल झालेला एक पट्टा ओढून बकलात घातला. पोरगी गोधडीत गाढ झोपली होती.

घोडेगावपाशी तिनं चादरीची कड उचलून कान दिला. इंजिनाच्या फटफटीतही तिला ती शिट्टी ओळखू आली असती. शिट्टी नव्हती. प्रज्ञाचे गाल लालचुटूक दिसत होते.

"ऐकलं का," जयमाला नवऱ्याला म्हणाली, आणि तिचा आवाज आनंदानं भरून आला होता. "एकदा खोकली नाही. गाल बघा कसे झालेत. तुमच्या डिझेलमध्ये झोपली असती का अशी?"

"न्हाई बाबा," तुषार हसला. "मास्तरीनबाईंचं खरं."

नेवाशाला भागिरथी दारातच उभी होती. तिनंच मागचा पडदा सोडला, नातीला उचलून छातीशी धरलं, आणि "अगं, ही मान का टाकती?" एवढंच बोलली.

दवाखान्यात डॉक्टरांनी जयमालाला समोर बसवून सांगितलं. डिझेलचा धूर डोळ्यांना दिसतो, नाकाला झोंबतो. पेट्रोलच्या धुरात विषारी वायू फार जास्त, आणि तो ना दिसतो, ना त्याला वास. फुटलेल्या नळीतून तो पत्र्याच्या भोकांवाटे वर आला आणि बंद पडद्यांत साठत गेला. गालांची ती लाली त्याचीच. "पडदा थोडा जरी उघडा असता, तर पोरगी वाचली असती," डॉक्टर म्हणाले. तुषार एका शब्दानंही बायकोला बोलला नाही. तो बोलला असता तर तिला सोसलं असतं.

उन्हाळ्यात कारभारी गिऱ्हाईक घेऊन आला. नवराबायको होते, बाईच्या कडेवर लहान मुलगी. नळी नवी बसवली होती, पत्राही बदलला होता. तुषारनं गाडी चालू केली. ती बाई वाकली, पदराचं टोक तिनं नळकांड्यासमोर धरलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"धूर अजिबात न्हाई बगा," ती नवऱ्याला खुशीत म्हणाली. "हीच घिऊ. पोरीला तरास न्हाई व्हायचा."

जयमाला घरात गेली आणि विळा घेऊन बाहेर आली. कारभारी दोन पावलं मागं सरकला. ती जिपेमागं गेली आणि तिनं मागच्या पडद्याचा पट्टा कापला. मग दुसरा. चामडं नवं होतं, सहज कापलं जात नव्हतं. सगळ्या पडद्यांचे पट्टे तिनं कापले, मुठीत धरले आणि त्या बाईसमोर उभी राहिली.

"पडदा बांधायचा नाही," ती म्हणाली. "कितीही थंडी असू दे."

बाईला काही कळेना. तिनं घाबरून लेक दुसऱ्या कडेवर घेतली. तुषार वळून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला होता, आणि जीप मागं बिनधुराची चालू होती.