मी, गिरजाबाईंच्या घरचा माळा

मित्रांनो, मी निगडीतल्या एका बैठ्या घराचा जुना माळा आहे. खाली स्वयंपाकघर, वर पत्रा आणि मधल्या अडीच फुटांत मी. माझ्याकडे यायचं तर शिडी लावून गुडघ्यांवर रांगत यावं लागतं. आता मी फार थकलोय. तरी बोलतोय, कारण तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी जागा असेल.

मला गिरजाबाईंच्या नवऱ्यानं, कोंडीरामांनी बांधलं. ते पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर होते. कंपनीत मशिनं ज्या लाकडी खोक्यांतून यायची, त्यांच्या फळ्या त्यांनी भंगारवाल्याकडून आणल्या आणि दोन सुट्ट्यांमध्ये मला उभं केलं. "आता घर मोठं झालं बघा," गिरजाबाई म्हणाल्या होत्या. तेवढं कौतुक मला पुष्कळ दिवस पुरलं.

जादा भांडी, धाकट्या मुलाचा, समाधानचा पाळणा, थोरल्या लेकीची, आम्रपालीची नर्सिंगची पुस्तकं, सगळं मी सांभाळलं. एक गोधडीही होती. कोंडीरामांच्या विटलेल्या निळ्या युनिफॉर्मचे तुकडे जोडून गिरजाबाईंनी ती शिवली होती. दरवर्षी एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी घराला रंग लागायचा, तेव्हा कोंडीराम मला रिकामं करून ओल्या फडक्यानं पुसून काढायचे.

मग कोंडीराम गेले. आम्रपाली लग्न होऊन देहूरोडला गेली. समाधानला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली. शिफ्ट, ओव्हरटाइम आणि येण्याजाण्यात त्याचा दिवस संपायचा. गिरजाबाईंना दम्यामुळे शिडी चढवत नव्हती. पाच वर्षं माझ्याकडे कुणी वर आलं नाही.

याच काळात इंटरनेटची वायर टाकायला आलेल्या माणसानं पत्र्याखालच्या भिंतीला भोक पाडलं आणि ते तसंच सोडून दिलं. त्यातून उंदीर आले. आधी एक, मग त्याचं सगळं खटलं. त्यांनी पुस्तकं कुरतडली, गोधडीत पिल्लं घातली. माझ्या फळ्या त्यांच्या मुतानं भिजायच्या, वाळायच्या, पुन्हा भिजायच्या. भिंतीकडेला त्यांच्या येण्याजाण्याचा तेलकट काळा पट्टा उमटला. मला किळस यायची, पण अंग झटकणं काही माझ्या हातात नव्हतं.

खुणा खालपर्यंत पोचत होत्या. फळ्यांच्या फटीतून ओट्यावर काळे दाणे पडायचे. गिरजाबाईंना वाटायचं, मोहरी सांडली. कुबट वास यायचा, तर त्या म्हणायच्या, "मोरी तुंबली वाटतं." वर खुडबुड व्हायची, तेव्हा त्या टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

एका रविवारी वास सोसेना, तेव्हा समाधान वर आला. त्यानं पाहिलं आणि नाकाला रुमाल बांधून सरळ केरसुणी चालवली. पाच वर्षांच्या वाळलेल्या लेंड्यांचा भुगा हवेत उडाला, फटींतून खाली उतरला. खाली गिरजाबाई भाकरी थापत होत्या. त्यांना आधी खोकला आला, मग श्वासच अडकला.

"समाधान... दम... दम लागलाय रं..."

तो शिडीवरून उडी मारूनच उतरला. रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं. मी उघडाच राहिलो. ती चार दिवसांची शांतता मला जड गेली. ज्या बाईनं माझं कौतुक केलं, तिच्याच छातीत माझी घाण गेली होती.

पाचव्या दिवशी आई घरी यायच्या आत आम्रपाली आली. तिनं समाधानच्या हातातली केरसुणी काढून घेतली.

"कोरडं झाडायचं नाही, भावा. डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं माहितेय? घरात उंदीर आहेत का?"

"मला वाटलं, झाडलं की झालं, ताई."

तिनं सगळ्या खिडक्या उघडल्या. अर्धा तास थांबून दोघांनी घट्ट बसणारे मास्क आणि रबरी हातमोजे घातले. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा फवारा मारून तिनं सगळी घाण भिजवली, दहा मिनिटं मुरू दिली. मग कागदानं टिपून सगळं दुहेरी पिशवीत भरलं. फळ्या पुन्हा पुसल्या. समाधाननं भोकात लोखंडी जाळी कोंबून वर सिमेंट लिंपलं.

गोधडी मात्र तिला टाकवेना. ती अंगणात ठेवून दोघं आईची वाट पाहत राहिली.

गिरजाबाई आल्या, लांबूनच बघत राहिल्या. निळ्या कापडाला भोकं पडली होती, कापूस बाहेर आला होता.

"धुऊन निघंल का गं?"

"न्हाई, आई."

मग त्यांनी हातमोजे मागितले आणि गोधडी स्वतः पिशवीत घालून गाठ मारली. "जाऊ दे. मानूस ऱ्हायलं पाह्यजे," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, त्या दिवशी आम्रपालीनं सगळं सामान माझ्यावर परत ठेवायला काढलं, तेव्हा गिरजाबाईंनी तिला अडवलं. म्हणून आज मी रिकामा आहे. महिन्यातून एकदा समाधान बॅटरी घेऊन कोपरे बघून जातो. तुम्हीही बघत जा. काळा दाणा दिसला, कुबट वास आला, तर मोरीवर ढकलू नका. आणि घाण दिसली की हात आधी केरसुणीकडे नाही, पाण्याकडे जाऊ द्या. माझं वय झालं आहे, फळ्या वाकल्या आहेत. पण खाली गिरजाबाई झोपतात, तेव्हा त्यांचा श्वास मला ऐकू येतो. अजून थोडी घरघर आहे. मी तो मोजत पडून राहतो.