थंड बल्बचं माप

त्या दिवशी मी चष्मा मुद्दाम घरी विसरले. दहाच्या सुमाराला बाबा तो घेऊन येणार, प्रयोगशाळेच्या दारात उभे राहणार आणि आत मीटरसाहेब असणार, ही जुळवाजुळव मी तीन वर्षं करत होते. मी तंत्रशाळेत वीजमापन शिकवते. बाहेरचे परीक्षक म्हणून याच निवृत्त वीज निरीक्षक साहेबांना बोलवा, असं मी प्राचार्यांच्या इतकी मागे लागले की ते म्हणाले, "एवढी कसली भक्ती?" मी हसून घेतलं. भक्ती कसली डोंबलाची!

अकरा वर्षांपूर्वी कोंबडीच्या पिलांच्या एका शेडला आग लागली. पिलांना ऊब द्यायला तिथे शंभर वॉटचे बारा बल्ब होते आणि वायरिंग बाबांनी केलेलं. साहेब चौकशीला आले तेव्हा वीज तोडलेली होती. त्यांनी वाचलेला एक बल्ब उतरवला, त्याला मीटर लावला, रोध चाळीस ओहम आला. दोनशे तीस व्होल्टचा वर्ग भागिले चाळीस, म्हणजे तेराशे बावीस वॉट. "बल्बवर लिहिलेत शंभर, खातो तेराशे. माल नकली, तार जळणारच," असा अहवाल त्यांनी ठोकला आणि बाबांचं लायसन्स गेलं.

बल्ब मामाच्या दुकानातले होते. मामा दारात उभा राहून शपथा घेत होता, "भाऊजी, माल अस्सल आहे हो, माझं ऐका तरी!" बाबा आतून म्हणाले, "आकडे खोटं बोलत नाहीत," आणि त्यांनी कडी घातली. ती मामासाठी पुन्हा काढली नाही. त्यांनी वायरलाही परत हात लावला नाही. घरातला बल्ब गेला तर आई स्टुलावर चढते.

शिकायला गेल्यावर, दुसऱ्या वर्षाला, मला ती चूक दिसली. बल्बमधली बारीक तार पेटल्यावर तापते आणि तापली की तिचा रोध दहा-तेरा पटींनी चढतो, म्हणजे ती वीज तितकीच कमी खाते. थंड बल्बला मीटर लावून वॉट काढणं म्हणजे झोपलेल्या माणसाकडे बघून तो किती जेवेल ते सांगणं. त्या रात्री मी रागाने रडले. पण बाबांना काही बोलले नाही. ते "जाऊ दे" म्हणाले असते, आणि मला जाऊ द्यायचं नव्हतं. मला हे साहेबांच्या स्वतःच्या अक्षरात हवं होतं. अहवालाची प्रत मिळवली, कपाटात ठेवली आणि दबा धरून बसले. गेल्या वर्षी मामा वारला. बाबा गेले नाहीत, आई एकटीच जाऊन आली.

तर त्या दिवशी तीस विद्यार्थ्यांसमोर मी टेबलावरच्या थंड बल्बला मीटर लावला आणि फळ्यावर लिहिलं: रोध चाळीस, शक्ती तेराशे बावीस.

साहेब खो खो हसले. "अहो बाई, थंड बल्ब मोजलात? पोरांनो, परीक्षेच्या आधी तुमच्या बाईच नापास!"

पोरंही हसली. हसू दे. मी मान खाली घातली. "मग कसं करायचं, साहेब? दाखवा ना. नमुना उत्तर म्हणून कागदावरही लिहून द्या."

त्यांनी हौसेने बाह्या सारल्या. बल्ब पेटवला, दोन्ही मीटर वाचले. "व्होल्टेज दोनशे तीस. करंट पॉइंट चार तीन पाच. भागा, रोध पाचशे एकोणतीस. गुणा, शक्ती शंभर वॉट. बल्बवर लिहिलीय तेवढीच!"

"आणि थंड बल्ब मोजणाऱ्याला काय म्हणावं?"

"अडाणी म्हणावं. त्याला वायरीच्या जवळपास फिरकू देऊ नये."

"सही करा ना खाली."

त्यांनी झोकात सही केली. मी शेजारी तो जुना अहवाल ठेवला. तोच चाळीस, तेच तेराशे बावीस, तीच झोकदार सही. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला आणि माझ्या जिवाला जो थंडावा मिळाला, तो खोटं कशाला बोलू, आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

"हे दारात उभे आहेत ते माझे वडील," मी म्हणाले. "ओळखलंत?"

साहेब मटकन स्टुलावर बसले. "पंधरा दिवसांतच लक्षात आलं होतं माझ्या," ते पुटपुटले. "पण अहवाल वर गेला होता. बढती तोंडावर होती."

बाबांनी आता यांची कॉलर धरावी, निदान दोन शिव्या हासडाव्यात, म्हणून मी वाट बघत होते. ते साहेबांकडे बघेचनात. सरळ पेटलेल्या बल्बपाशी आले.

"म्हणजे माल अस्सल होता?"

"हो, बाबा."

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या वर्षाला."

"म्हणजे आठ वर्षं झाली." त्यांनी चष्म्याचं घर टेबलावर ठेवलं. "त्यातली सात वर्षं तुझा मामा जिवंत होता."

  बाबांनी स्वतः बटण बंद केलं, हातरुमाल धरून गरम बल्ब उतरवला आणि त्यातच गुंडाळला.

"यांना पंधरा दिवसांत कळलं, तुला आठ वर्षांपूर्वी. दोघांनीही तोंड शिवून घेतलंत," ते म्हणाले. "तो कागद घे. परीक्षा संपली की दोघंही माझ्याबरोबर मामीकडे चला."

साहेब उठून चाचरत म्हणाले, "मी... मी सांगतो त्यांना सगळं."

"तुम्ही नंतर," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "आधी तू सांगायचंस."