वहिनीचा आवाज बसला तेव्हा

माझ्या वहिनीचं लोकरीचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. भिंतींवर छतापर्यंत लोकरीचे गुंडे, मधे एक लांब टेबल. लोकर नेलेल्या बायका टाका चुकला की परत यायच्या आणि वहिनी त्यांना बसवून शिकवायची. होता होता दर बुधवारी दुपारी वीसेक जणी जमू लागल्या. त्यांत एक निवृत्त पोस्टमनही होते. त्यांना सगळ्या काका म्हणत.

दुकानाला बरकत आली ती या बुधवारांमुळेच. पण वहिनी एकटी सगळ्यांचं करायची. चहा तिचा, उसवणं तिचं, न आलेलीची चौकशीही तिचीच. जेवताना फोन आला तर हातात घास धरून टाके सांगायची. दादा म्हणायचा, जरा कमी कर. तिचं उत्तर ठरलेलं, माझ्यावाचून त्यांचं अडतं.

शेवटी तिचा आवाजच बसला. तीन आठवडे अवाक्षर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दुकान बंद ठेव म्हटलं तर ऐकेना. बोलायला म्हणून मलाच घेऊन गेली. मला विणकामातलं ओ की ठो कळत नाही.

पहिल्याच बुधवारी एकीला मोज्याची टाच जमेना. तिनं सवयीनं मोजा वहिनीपुढे धरला. वहिनी हात पुढे करणार, तोच काका म्हणाले, "आण इकडे. मी तिथेच तीनदा आपटलोय."

त्यांची पद्धत वहिनीपेक्षा लांबची होती. वहिनीचे ओठ दोनदा उघडले, दोनदा मिटले. मग तिनं नजर वळवली, निळी लोकर घेतली आणि दुकान काढल्यापासून चार वर्षांत प्रथमच स्वतःसाठी काहीतरी विणायला बसली. चहा कुणी टाकला ते मला कळलंही नाही.

खरं कौतुक पुढचं. आवाज परत आल्यावर ती पुन्हा जुन्या गादीवर जाऊन बसली नाही. ती सगळ्यांना म्हणाली, "फोन दुकानाच्या वेळेतच करा. आणि काही अडलं तर आधी शेजारणीला विचारा." दोघी रुसून गेल्या. एक परत आली.

गेल्या महिन्यात ती आणि दादा चार दिवस बाहेरगावी गेले. बुधवारी दुकान काकांनी उघडलं. मी डोकावले, तर बसायला जागा नव्हती. वहिनीची आठवण एकीनंच काढली, तीही हिरवी लोकर सापडेना म्हणून.

परत आल्यावर तिला हे सांगितलं. क्षणभर तिला लागलं असावं. मग पोट धरून हसली.