गाठमाईची बरणी

शिलाई कारखान्याच्या वरच्या खोलीत गाठमाईच्या बैठकीला बायकांची गर्दी, पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या टेबलावर माझी वहिनी आडवी, कमरेवर चादर. योनीच्या डाव्या ओठावर तिला लिंबाएवढी गाठ होती. तीन वर्षं ती मशीनवर एका कुशीला कलून कॉलर शिवत होती, पण लाजेनं घरात चकार शब्द काढला नाही. शेवटी भावानं पाहिलं आणि आईनं मला न कळवता तिला इथं आणलं.

हातानं गाठी काढणारी म्हणून नावाजलेली गाठमाई म्हणाली, "ही गाठ मांसाची नाही, पापाची. ज्याचं पाप त्याचं नाव घे, की सुटलीच. चाकू नको, टाका नको."

वहिनी म्हणाली, "कुणीच नाही हो."

"मग पडून राहा."

सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. चार वाजता तिनं आपल्या कारखान्यातल्या कटिंग मास्तरांचं नाव घेतलं. गाठमाईनं चादरीखाली हात घातला आणि रक्ताळलेला गोळा वर धरला. बायका रडायला लागल्या. आईनं गोळा बरणीत भरून घरी आणला.

माझ्या भावानं मास्तरांचा हात मोडला आणि वहिनीला अंगावरच्या कपड्यांनिशी हाकललं. ती माझ्या दारात आली.

"ताई, गाठ आहे तिथंच आहे."

मी इस्पितळाच्या लॅबमध्ये रोज गाठी चिरते, आणि घरातल्या गाठीचा मला पत्ता नव्हता. मला माझीच चीड आली. डॉक्टरीणबाईंनी ती पाऊण तासात काढली. तपासणीत निघालं, मऊ, निरुपद्रवी गाठ. क्वचितच होते, पण कॅन्सर नाही, आणि कुणाच्या संबंधानं होत नाही.

मग आईच्या कपाटातली बरणी आणून तो गोळा चिरला. कोंबडीचा पोटा. आत खडे आणि अर्धा मक्याचा दाणा.

पुढच्या बैठकीत मी दोन बरण्या टेबलावर ठेवल्या, एकीत पोटा, दुसरीत वहिनीची खरी गाठ. गाठमाईची लांब बाही धरून झटकली, तर दुसरा पोटा खाली पडला. चादरीखाली कुणी डोकावणार नाही, या भरवशावर बाईचा धंदा चालला होता. ती चपला हातात घेऊन जिना उतरली.

भाऊ म्हणाला, "ते खरं. पण नाव तर तिनंच घेतलं ना?"

"तुला दिवसभर तसंच उपाशी झोपवलं तर तू माझंही घेशील," मी म्हटलं. तो वहिनीला न्यायला आला नाही.

मास्तरांच्या हातात आता कात्री राहत नाही. वहिनी दुसऱ्या कारखान्यात सरळ बसून शिवते.

बायांनो, तिथं गाठ आली तर लाजू नका, डॉक्टरला दाखवा. तिथंही नाव विचारतात, पण तुमचं, केसपेपरवर लिहायला.