पाचटावर चाललेली सायकल

उत्तरेश्वर पेठेत चनबसाप्पाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याची पोरगी पवित्रा सातवीपासून तिथं पंक्चर काढायची, आणि खरं सांगायचं तर बापापेक्षा झटपट काढायची. पण ती एकोणीस वर्षांची झाली तसं चनबसाप्पाला ते खटकायला लागलं. पोरीनं रस्त्याकडेला फतकल मारून बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील! १९९७ च्या नवरात्रात पेठेतल्या तालमीनं मुलींची कागल ते कोल्हापूर सायकल शर्यत ठेवली, तेव्हा त्यानं एकदाचा निकाल लावला.

"सायकलवरनं शर्यत पुरी केलीस तर दुकानात बस, जलमभर बस. टेम्पोत बसून आलीस, तर परत पान्याला हात लावायचा न्हाय."

"व्हय आप्पा," पवित्रा म्हणाली. तिला वाटलं, यात काय अवघड?

शर्यत होती खंडेनवमीला, आणि घोळ झाला तो तिथंच. त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात, मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नसतो. पाने, पंप, सोल्युशनची ट्यूब, सगळं तिच्या आईनं झेंडू वाहून पाटावर मांडलं होतं. बाकीच्या पोरीही रिकाम्या हातानंच आलेल्या, आणि वाटेवरची पंक्चरची दुकानं हार घालून बंद. पण त्यांचं सोडा. पंक्चरवाल्याची पोरगी पंक्चरचं सामान घरी ठेवून निघाली, याला काय म्हणावं?

गोकुळ शिरगावच्या अलीकडं तिचं मागचं चाक फुस्स करून बसलं. बाटलीची काच टायरमधून आरपार गेली होती आणि ट्यूब बोटभर फाटली होती. मागनं, दमल्या-अडल्या पोरींना उचलणारा तालमीचा टेम्पो आला. त्यात बसलेला तालमीतला सयाजी कर्ण्यावरनंच ओरडला, "बसा की ताई! कशाला जिवाला तरास?"

"जावा तुमी. मी येते."

टेम्पो धूळ उडवत गेला आणि पवित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या गाढवपणाचाच राग आला होता तिला. शेजारच्या उसात एक म्हातारी पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, ओढून ढीग घालत होती.

"विळा पूजंला हाय, म्हणून हातानंच चाललंय," ती आपण होऊन म्हणाली. "तुला काय झालं गं?"

पवित्रा त्या ढिगाकडं बघतच राहिली. "आक्का, पाचट घेऊ का थोडं?"

"ने की! म्हस हाय व्हय घरात?"

"चाकात भरायचं हाय."

आक्का पोट धरून हसली आणि मग तीच पुढं झाली. पवित्रानं नुसत्या बोटांनी टायर उपसला, त्यात दोन नखं गेली. ट्यूब काढून गळ्यात अडकवली. दोघींनी पाचट आक्काच्या कळशीतल्या पाण्यानं भिजवलं, पिळून त्याचा दोर केला आणि टायरात ठासून ठासून बसवला.

पुढचे दहा-अकरा किलोमीटर तिचे मणके खिळखिळे झाले. पण चाक फिरत होतं, आणि ते आपण फिरवलंय या विचारानं तिची मान ताठ झाली होती. बक्षिसं वाटून झाली, मांडव सोडायला घेतला, तेव्हा कुठं ती तालमीपुढं पोचली. सगळ्यांत शेवटची, पण सायकलवरनं. पोरांनी शिट्ट्यांनी पेठ डोक्यावर घेतली.

चनबसाप्पा तिथंच ताटकळत उभा होता. सवयीनं त्यानं मागचं चाक अंगठ्यानं दाबलं, दचकला, आणि टायरच्या कडेनं पाचटाचं एक पान ओढून काढलं.

"कुणी शिकवलं हे?"

"कुणी न्हाय."

त्यानं तिच्या रक्ताळलेल्या बोटांकडं बघितलं आणि फेट्याच्या शेवानं स्वतःचे डोळे पुसले. तेवढ्यात गर्दीतनं एकजण सायकल ढकलत आला.

"चनबसाप्पा, चेन पडलीया. बघा की जरा."

"माझ्याकडं काय बघताय, पावणं?" चनबसाप्पा सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाला. "दुकानाची मालकीण तिकडं उभी हाय."