टिबुकलीचे तीन फोटो

मी कॅमेरा बोलतोय. घाबरू नका, मी तुम्हाला हनुवटी खाली करायला सांगणार नाही. ते काम मी सोडलं.

माझ्या कारखान्याचं मला फारसं काही आठवत नाही. आठवतो तो खोक्यातला अंधार आणि मग एकदम पांढरा उजेड. तो उजेड मामांच्या दुकानातला होता. मामा म्हणजे माझ्या आताच्या मालकिणीचे मामा. त्यांच्याकडे ओळखपत्राचे फोटो निघतात. मागे निळा पडदा, समोर गोल स्टूल आणि जमिनीवर चिकटपट्टीची फुली. त्या फुलीवर मी अकरा वर्षं उभा होतो.

स्टुलावर बसलं की माणसांचं काहीतरी होतं. बाहेर खिदळत आलेली बाईसुद्धा आत दगड होते. "हनुवटी खाली," मामा म्हणायचे. "अजून थोडी. अहो, एवढी नाही, झोपलात की काय! हां. आता हलू नका!" आणि नेमके त्याच क्षणी डोळे मिटायचे.

म्हणून मामांनी मला एक सवय लावली. बटण एकदा दाबायचं, फोटो तीन काढायचे. "पहिल्यात माणूस घाबरलेला असतो, दुसऱ्यात डोळे मिटतो, तिसऱ्यात सुटलो म्हणून खरा दिसतो," असं त्यांचं म्हणणं. वय झालं तसा मी दोन फोटोंच्या मध्ये दम खाऊ लागलो. गिऱ्हाइकं कंटाळली. मग नवा कॅमेरा आला आणि मी फळीवर गेलो. बॅटरीत जेमतेम अर्ध्या तासाचा जीव उरला होता. तीन फोटोंची सवय बदलायचं बटण तर कायमचं अडकून बसलं.

मामांची भाची शाळा सुटल्यावर दुकानात येऊन फोटो कापून द्यायची. वर्गात तिला हळूबाई म्हणतात. ती उत्तर इतकं हळू देते, की तोवर बाई पुढच्या बाकाकडे वळलेल्या असतात. एकदा ती माझ्यावरची धूळ पुसत होती.

"मामा, हा मी घेऊ?"

"काय? जरा मोठ्यानं बोल की गं."

तिने मला उचलून दाखवलं नुसतं.

"घे, घे. पण म्हातारा झालाय हं तो. एकाचे तीन काढतो."

ती मला तळ्यावर घेऊन गेली. पडक्या भिंतीमागे बसली आणि माझं नाक लांब केलं. अहो, दुकानात स्टूल चार पावलांवर, तिथे नाक लांब करायची वेळच आली नव्हती! कुरकुरत का होईना, ते पुढे आलं आणि पलीकडचा काठ एकदम माझ्या डोळ्यात शिरला.

तिथली गिऱ्हाइकं वेगळीच. पाणकावळा पंख पसरून बसायचा, वाळत घातलेल्या छत्रीसारखा. पाणकोंबडी दर पावलाला शेपटी उडवायची, जणू कुणीतरी मागून टोचतंय. सगळ्यात शहाणा लहान बगळा. मामांनासुद्धा मिळालं नसतं असं स्थिर गिऱ्हाईक. येणारे-जाणारे म्हणायचे, "बगळ्याचे कसले फोटो काढतेस? रोजचेच तर आहेत." ती मान खाली घालायची. पण तिला दिसलं होतं, की त्याचे पाय काळे असले तरी बोटं पिवळी आहेत आणि ती बोटं चिखलात थरथरवून तो मासे उठवतो. रोज तिथून जाणाऱ्या एकानेही ते पाहिलं नसेल.

टिबुकलीने मात्र आम्हाला रडवलं. मुठीपेक्षा जराशी मोठी, मान तांबूस, चोचीपाशी पिवळा ठिपका. बटण दाबावं तर बुडी! पाण्यावर नुसती वर्तुळं. त्यातून ती लव्हाळ्यापाशी तरंगणाऱ्या एका कुजक्या ढिगाच्या आसपासच असायची आणि तो ढीग फोटोत आला की फोटो घाण दिसायचा. हळूबाई मला कधी डावीकडे सरकवी, कधी उजवीकडे. ढीग काही सुटेना.

शनिवारी घरी जेवणाच्या टेबलावर ती नको असलेले फोटो पुसत होती. ढिगाचे तीन आले. पुसायचा का, असं मी विचारलं, म्हणजे पडद्यावर अक्षरं उमटवली. तिचं बोट खाली आलं आणि थांबलं. तिने फोटो मोठा केला.

पहिल्या फोटोत टिबुकली ढिगावरून उठत होती आणि तिच्या पोटाखाली चार पांढरट अंडी होती. दुसऱ्यात तिच्या चोचीत ओलं शेवाळ होतं, अंडी दोनच दिसत होती. तिसऱ्यात टिबुकली नव्हती, अंडी नव्हती. नुसता कचरा.

"घरटं आहे ते!" ती पुटपुटली. "झाकून जाते ती." आणि तिचा चेहरा उतरला.

का, ते मला ठाऊक होतं. आठवडाभर तळ्याची सफाई चालली होती. होडीतले काका लांब दाताळ्याने एकेक ढीग ओढत पुढे सरकत होते. उरला होता तो आमचाच कोपरा.

रविवारी सकाळी ती धावत सुटली. मी तिच्या गळ्यात होतो, त्यामुळे तिची धडधड मला माझ्याच पोटात ऐकू येत होती. होडी लव्हाळ्यापाशी पोचलेली. काकांनी दाताळं उचललं.

"काका..." ती म्हणाली. ते फक्त मला ऐकू आलं.

"काका!" हे बहुधा बगळ्याला. तो उडाला.

दाताळं ढिगावर आलं. तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो अकरा वर्षं माझ्या ओळखीचा होता.

"हलू नका!"

काका जागीच थिजले. दाताळं हवेत, हनुवटी खाली. अगदी ओळखपत्राचा फोटो.

"काय गं? साप आहे की काय?"

तिने मला पुढे धरलं. काकांनी होडी काठाला आणली. "हात ओले आहेत माझे, तूच दाखव."

बॅटरीची शेवटची रेघ लुकलुकत होती. मी जीव धरून ठेवला. पहिला. दुसरा. तिसरा. तिसऱ्यावर काका ढिगाकडे बघू लागले, मग पुन्हा पहिल्याकडे.

"परत दाखव." आणि मग, "म्हणजे मी आजवर असे किती ओढले असतील गं?"

 ती एवढंच म्हणाली, "मलाही काल रात्रीच कळलं, काका. मीही पुसणारच होते." तिचं एवढं मोठं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग मी विझलो.

दुसऱ्या दिवशी डोळा उघडला, तर लव्हाळ्याजवळ एक काठी रोवलेली. तिला काकांचा लाल पंचा बांधलेला. हा कोपरा का सोडला, असं सफाईच्या साहेबांनी विचारलं, तर दाखवायला तिन्ही फोटो हवेत, असं काकांनी सांगितलं होतं. ते तिने दुकानात छापून दिले. मामांनी आणखी एक संच काढून काचेच्या कपाटात लावली, गंभीर चेहऱ्यांच्या मधोमध.

पुढे तीन आठवड्यांनी टिबुकलीच्या पाठीवर बसून पट्ट्यापट्ट्यांची तीन पिल्लं निघाली. चौथ्याचं काय झालं, ते आम्हाला कळलं नाही.

आता माझ्या पडद्यावर एक उभी रेघ आली आहे. नाक पुढे येतं, पण आत जायला कुरकुरतं. एक दिवस ते येणार नाही. त्याचं दुःख नाही. माझी विनंती एवढीच आहे. कचरा म्हणून काही पुसायला, ओढायला निघालात, तर आधी एकदा नाही, तीनदा बघा. आणि तेवढा वेळ, कृपा करून, हलू नका.