जोडीचं कुलूप

कुलप्याचे नियम चार होते, आणि चारही त्याने फसल्यावर केलेले होते. ठेच लागल्यावर माणूस शहाणा होतो असं म्हणतात. खोटं आहे. ठेच लागल्यावर माणूस फक्त खाली बघून चालायला लागतो, मग समोरून काय येतंय ते त्याला दिसत नाही.

नव्या विक्रेत्याकडून आधी किरकोळ वस्तू मागवायची, घरपोच येते का ते बघायचं, हा पहिला नियम. दुसरा, मोठ्या वस्तूचा फोटो मागायचा तो शेजारी आजची तारीख आणि आपलं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून, म्हणजे कुठून तरी उचललेला फोटो खपत नाही. तिसरा नियम त्याचा लाडका. किल्ली सपाट कागदावर आडवी, शेजारी मोजपट्टी, दाते स्वच्छ दिसले पाहिजेत. जुन्या कुलपाला मूळची किल्ली नसेल तर ते कुलूप नाही, भंगार आहे. आणि चौथा, महागाची वस्तू हातात घ्यायची ती चार लोकांत, समोरासमोर.

पोटासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बाकी सगळा जीव कुलपांत. पुढच्या खोलीच्या तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर कुलपं. मुठीएवढी, डोक्याएवढी, माशाच्या आकाराची, चार किल्ल्यांशिवाय न उघडणारी. कोपऱ्यात एक लोखंडी पेटी, दोघांनी उचलली तरच हलणारी. गल्लीनेच त्याचं नाव कुलप्या पाडलं होतं. बायको म्हणायची, "आमच्याकडे चोर आला तर आधी वस्तुसंग्रहालय समजून तिकीट काढेल."

पण सगळ्यांत मोलाचं कुलूप फळीवर नव्हतंच. ते घराच्या दारावर, बाहेरून, कडीला लटकायचं.

ते आबांचं. आबा म्हणजे कुलप्याचे वडील. उभा जन्म त्यांनी एका गोदामाच्या फाटकावर पहारा केला. गोदाम बंद पडलं तेव्हा मालकाने हिशेब मिटवायच्या ऐवजी फाटकाचं कुलूप हातात ठेवलं. पुढे अशी कुलपं दुर्मीळ झाली आणि जाणकार त्याच्यासाठी वेडे झाले. त्याच घडणीचं दुसरं, अंगावर लागोपाठचा आकडा कोरलेलं, गोदामाच्या मागच्या फाटकावर होतं. ते कुठे गेलं कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता आबांना काही आठवत नसे. सुनेचं नाव नाही, जेवलो की नाही तेही नाही. हातांना मात्र आठवत होतं. दिसेल ते दार ते ओढायचे, कडी घालायचे, कुलूप लावून दोनदा हिसडा मारून बघायचे. दोनदाच. आणि अधूनमधून त्यांना कामावर जायची आठवण व्हायची. एकदा ते मागच्या दाराने असेच निघाले आणि संध्याकाळी महामार्गाच्या मधोमध उभे सापडले, ट्रक थांबवून पावत्या मागत. तेव्हापासून दोघं नवराबायको बाहेर पडले की पुढचं दार बाहेरून बंद. मागच्या दारावर कुलप्याने आडवी फळी ठोकली. फक्त जोडीचं कुलूप मिळेपर्यंत, असं तो म्हणायचा.

"दुसरं कुठलंही लावा की," बायको म्हणायची. "बाजारात पोत्याने मिळतात."

"ते वाऱ्याने उघडतं."

"आबा वारा आहेत का?"

खरं उत्तर एवढंच होतं की त्याला जोडी हवी होती. बापाची काळजी हे त्या हव्यासाला घातलेलं स्वच्छ धुतलेलं कापड होतं. जगातले निम्मे हव्यास असेच कोणाच्या तरी काळजीचे कपडे घालून हिंडतात.

तर एक दिवस संग्राहकांच्या मोबाइलवरच्या बाजारात, जिथे कुलप्याने जोडीसाठी कधीचं लिहून ठेवलं होतं, नवा विक्रेता उगवला. नाव 'जुनं ते सोनं'. खातं नवंकोरं, एकही जुना व्यवहार नाही. आणि पहिलाच फोटो जोडीच्या कुलपाचा. आकडा बरोबर पुढचा.

कुलप्याने तो फोटो तीनदा मोठा करून बघितला, पण नियम ते नियम. आधी त्याच्याकडून एक पितळी फुटकळ कुलूप मागवलं. ते वेळेवर आलं, कापडात गुंडाळून, वर तेलाचा हात फिरवून. चिठ्ठी ठेवून फोटो मागितला. तासाभरात आला, तारीख आजची, नाव कुलप्याचं, अक्षर वळणदार. किल्लीचा फोटो मागितला. पट्टीशेजारी किल्ली, सपाट, दाते मोजता येतील असे.

"माणूस शिस्तीचा आहे," कुलप्या बायकोला म्हणाला.

"तुमचं ते सोनं तुमच्यावर कसा विश्वास ठेवतंय पण?" ती भाजी चिरता चिरता म्हणाली. सहज म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी सोन्याने नेमकं तेच विचारलं.

त्याचा संदेश फार अदबीचा होता. आपण मला पारखलंत, चांगलं केलंत. पण मीही नवा, मलाही लोक फसवतात. दलाल संग्राहक बनून येतात आणि पुढे दामदुपटीने विकतात. जोडी खऱ्या जोडीदाराकडेच जावी असं वाटतं. आपल्याकडचं कुलूप दाखवाल का? आपल्याच पद्धतीने?

आपल्याच पद्धतीने. या दोन शब्दांनी कुलप्या विरघळला. इतक्या वर्षांत त्याच्या पद्धतीला कोणी पद्धत म्हटलं नव्हतं, खूळ म्हटलं होतं. त्याने दारावरच्या कुलपाचा फोटो काढला. चिठ्ठी ठेवली. मग किल्ली पांढऱ्या कागदावर आडवी ठेवून, शेजारी पट्टी लावून, खिडकीच्या उजेडात एक फोटो काढला. तो हलला म्हणून दुसरा काढला. पाठवला. भरात येऊन फळ्यांचेही फोटो पाठवले, पेटीचाही. आणि कुलूप कशाला हवंय तेही लिहिलं. वडील असे आहेत, त्यांना आत ठेवून जावं लागतं.

'वडिलांना जपा,' उत्तर आलं. 'अशी माणसं आता मिळत नाहीत.'

भेट ठरली. जागा मोठ्या रुग्णालयासमोरच्या औषधाच्या दुकानाबाहेर. गर्दी, उजेड, कॅमेरे. जागा कुलप्याने निवडली, सोनं लगेच हो म्हणालं. वर लिहिलं की घरच्यांना घेऊन या, मीही बायकोला आणतो, म्हणजे दोन्हीकडून विश्वास वाटेल.

"मला कशाला?" बायको म्हणाली.

"अगं, चांगलं दिसतं."

दुपारी आबांना जेवू घातलं, खुर्चीत बसवलं. कुलप्याने दार ओढलं, आबांचं कुलूप घातलं, किल्ली फिरवली. आतून आबांनी दार ओढून बघितल्याचा आवाज आला. एकदा. परत एकदा.

औषधाच्या दुकानाबाहेर दोघं उभे राहिले. सलाइनच्या खोक्यांची हातगाडी गेली, रडणारी एक बाई गेली, तिला धरून दुसरी गेली. सोन्याचा संदेश आला, 'वाहतुकीत अडकलोय. जागा सोडू नका.' काही वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा.

"कसा दिसतो तो?" बायकोने विचारलं.

"कोणास ठाऊक."

"म्हणजे तुम्ही त्याला पाहिलेलं नाही?"

"कुलूप पाहिलंय."

तिने रस्त्यावरची नजर त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "आपल्याला त्याचं काय काय माहीत आहे?"

कुलप्याने तोंड उघडलं. नाव म्हणावं तर ते नाव नव्हतं, म्हण होती. पार्सलवरचा पत्ता एका दुकानाचा होता, जिथून कोणीही पार्सल टाकतं.

"बरं, त्याला आपलं काय काय माहीत आहे?"

"काही नाही. पत्ता, पहिल्या पार्सलसाठी दिला होता तो."

"आणखी?"

"आबा आत असतात ते."

"आणि आत्ता आपण दोघंही इथे आहोत, तेही माहीत आहे. आणखी?"

कुलप्याच्या डोळ्यांसमोर पांढरा कागद आला होता, कागदावर किल्ली, शेजारी पट्टी. कानस चालवता येणाऱ्याला असा फोटो दिला की किल्लीच दिली. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने स्वतः दोन हरवलेल्या किल्ल्या अशाच फोटोंवरून घडवल्या होत्या. हजार कुलपांच्या दात्यांचं ज्ञान डोक्यात, आणि स्वतःच्या घराची किल्ली माणसाने खिडकीच्या उजेडात नीट धरून, हलली म्हणून दुसऱ्यांदा, पाठवली होती.

तो पळतच सुटला. मागून बायको.

गल्ली नेहमीसारखीच होती. पोरं चेंडू खेळत होती, समोरचा शिंपी मान खाली घालून मशीन चालवत होता. दार बंद. दाराला कुलूप.

कुलप्याला हायसं वाटलं, आणि मग जवळ जाऊन त्याने कुलूप हातात घेतलं. कुलूप आबांचं नव्हतं. पोत्याने मिळणाऱ्यातलं, चकचकीत, दाबलं की आपोआप बसणारं, दुकानाची चिठ्ठीही न निघालेलं नवं कुलूप त्याच्या दाराला लटकत होतं.

"आबा," बायकोने हाक मारली. आतून काहीच नाही. "आबा, अहो आबा."

तिने केसांतली पीन काढून त्याच्या हातात दिली. एरवी असलं कुलूप तो बोलता बोलता उघडायचा. आज पीन दोनदा हातातून पडली. तिसऱ्यांदा कुलूप सुटलं. ते तसंच उघडं कोयंड्यात अडकवून दोघं आत घुसले.

दोन भिंतींच्या फळ्या रिकाम्या होत्या. धुळीत कुलपांचे आकार तेवढे उरले होते, गोल, चौकोनी, एक माशाचा. तिसरी भिंत भरलेली. पेटी जागेवरून हातभर सरकलेली. आणि खुर्चीत आबा. बाहेर जायचा कोट घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून, पायांत बूट. बुटांच्या नाड्या कोणीतरी नीट बांधल्या होत्या.

"तो कुठाय रे?" आबांनी विचारलं.

"कोण, आबा?"

"तुझा दोस्त. किल्लीने आला की." आबांचा चेहरा कित्येक महिन्यांत असा उजळला नव्हता. "मला म्हणाला, बाहेर यायचं का. म्हटलं, येतो. तुम्ही लोक कधी विचारत नाही."

बायकोने मान फिरवली.

"माल ठेवून येतो म्हणाला. पेटीला दुसरा माणूस आणणार. मग मला फिरवून आणणार." आबांनी कोटाची कॉलर सारखी केली. "येईल. तो कुलूप लावून गेलाय. परत यायचं नसेल तर कोण कुलूप लावतं?"

म्हाताऱ्याला आपल्या बायकोचं मरण आठवत नव्हतं, पण हे बरोबर कळत होतं.

कुलप्याच्या खिशात फोन वाजला. 'फार उशीर झाला, माफ करा. जागा सोडू नका.'

"त्याला वाटतंय आपण अजून तिथेच आहोत," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "चला. आत्ताच्या आत्ता, तिघंही. चौकीवर जाऊ."

"तुम्ही व्हा पुढे."

"काय?"

"एक भिंत आहे अजून. भरवशाचं कुलूप तोच घेऊन गेलाय, दार उघडं टाकून जाऊ? पोलीस येईपर्यंत मी थांबतो. गल्लीत माणसं आहेत."

"कुलपं गेली खड्ड्यात."

"तू आबांना घेऊन जा म्हणतो ना."

सांगण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं, लग्नापासूनचं होतं. पण वेळ नव्हता. तिने आबांना हात धरून बाहेर आणलं, पायरीवर उभं केलं. "आबा, इथंच थांबा हं. कोपऱ्यावरून रिक्षा आणते." आणि ती धावली.

कुलप्या पेटीपाशी वाकला होता. पेटीचं कुलूप शाबूत होतं. त्याने त्यावरून हात फिरवला, आणि मागे दार ओढल्याचा आवाज झाला.

"आबा?"

कडी सरकली. कोयंड्यात अडकवलेलं ते चकचकीत कुलूप दाबल्याचा, बारीक, स्वस्त आवाज आला. मग हिसडा. मग दुसरा हिसडा.

"आबा, मी आत आहे."

"असू दे," आबा बाहेरून म्हणाले. आवाज समजुतीचा होता, जुना, पहाऱ्यावरचा. "घरात माणूस ठेवलं की कुलूप लावून जायचं. तूच लावतोस ना."

रिक्षा थांबल्याचं ऐकू आलं, बायकोचं "चला, चला आबा", मग रिक्षा गेल्याचं. दारावर आपटलेल्या त्याच्या मुठी रिक्षाच्या आवाजात बुडाल्या. चेंडूवाली पोरं केव्हाच पांगली होती, शिंप्याचं मशीन खडखडत होतं. पोलिसांचा नंबर व्यस्त लागला, म्हणून त्याने बायकोला फोन लावला. फोन घरातच, पलंगावर टाकलेल्या तिच्या पिशवीत वाजला. मागच्या दाराकडे गेला. तिथे फळी होती, त्याने स्वतः ठोकलेली, मोठाले खिळे, डोकी आत गेलेली. खिडकीला गज. आबा आतून कोंडून घ्यायचे म्हणून पुढच्या दाराची आतली कडी त्याने कधीच काढून टाकली होती. या घरातून कोणी बाहेर पडू नये याची त्याने फार मन लावून सोय केली होती.

फोन पुन्हा वाजला. सोन्याचा संदेश. या माणसाने त्याला आजवर वेळेवर पार्सल पाठवलं होतं, मागितले तसे फोटो पाठवले होते. आता त्याने एकच शब्द लिहिला होता.

'आलोच.'

गल्लीत एक गाडी येऊन उभी राहिली. दोन दारं उघडली, दोन बंद झाली. पायरीवर पावलं आली, घाई नसलेली, दोघांची. कुलप्या मागे सरकत सरकत पेटीला टेकला. हातात घ्यायला काही सापडतंय का बघू लागला, आणि सापडत होती ती फक्त कुलपं.

बाहेर त्या नव्या कुलपात किल्ली गेली. मूळची किल्ली. अलगद फिरली.